मेस्त्रे की सांता लुचिया? व्हेनिसला उतरायचं कुठे

मिलान किंवा रोमहून व्हेनिसचं तिकीट काढायला बसलात की दोन नावं समोर येतात: वेनेत्सिया मेस्त्रे आणि वेनेत्सिया सांता लुचिया. वेनेत्सिया म्हणजे व्हेनिसच. गाडी आधी मेस्त्रेला थांबते, पाटीवर ‘वेनेत्सिया’ दिसतं आणि पहिल्यांदा आलेला माणूस घाईघाईने बॅगा खाली काढतो. बाहेर येऊन पाहतो तर बसगाड्या, मोटारी, सिग्नल. कालव्याचा पत्ता नाही.

मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं शहर. 1926 मध्ये ते व्हेनिसच्या नगरपालिकेत आलं, म्हणून स्टेशनाच्या नावात व्हेनिस आहे. आपण ज्याच्यासाठी इतक्या लांब येतो ते व्हेनिस मात्र पलीकडे, उथळ पाण्यातल्या बेटांवर आहे. मधला रेल्वेपूल 1846 सालचा, त्याला लागून असलेला मोटारींचा पूल 1933 सालचा. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं या शहरात यायला होडीशिवाय मार्गच नव्हता. गाडी या पुलावर चढली आणि दोन्ही बाजूंना पाणी आलं की खिडकीपाशी बसा. मेस्त्रेपासून अवघ्या दहा-बारा मिनिटांचा प्रवास आहे हा.

सांता लुचियाला रूळ संपतात. स्टेशनाच्या पायऱ्यांवर आलात की समोर थेट ग्रँड कॅनॉल. जगातल्या कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडताना इतका आनंद होत असेल असं मला वाटत नाही. हे नाव इथल्या एका चर्चचं. स्टेशनासाठी ते 1861 मध्ये पाडलं गेलं आणि संत लुचियाचे अवशेष जवळच्याच सान जेरेमिया चर्चमध्ये नेले. डोळ्यांचं रक्षण करणारी संत म्हणून तिची ख्याती आहे. हे चर्च स्टेशनापासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, जरूर जा.

आता मुक्काम. मेस्त्रेत हॉटेलं बरीच स्वस्त, खोल्या मोठ्या, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त. भारतातून जाणाऱ्या ग्रुप टूरच्या कार्यक्रमात ‘व्हेनिस मुक्काम’ लिहिलेला असला तरी हॉटेल अनेकदा मेस्त्रेत किंवा आसपास असतं. पैसे भरण्याआधी पत्ता विचारून घ्या. बेटावर चाकांची वाहनं पियाझाले रोमा या चौकापर्यंतच येतात. पुढे पायी किंवा वापोरेत्तोने, म्हणजे पाण्यावरच्या बसने. पुलांना पायऱ्या असतात, त्यामुळे आई-वडील बरोबर असतील आणि बॅगा जड असतील तर मेस्त्रे हा शहाणपणाचा पर्याय आहे.

तरीही जमत असेल तर एक रात्र बेटावर काढा, असा माझा आग्रह राहील. दिवसभराची गर्दी संध्याकाळी गाड्या पकडून परत जाते, आणि मग गल्ल्यांत फक्त पावलांचे आणि पाण्याचे आवाज उरतात. सकाळी सातला सान मार्को चौकात उभं राहायचं तर मेस्त्रेहून भल्या पहाटे निघावं लागतं. बेटावरचा माणूस उठून चालू लागतो.

2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क लागतं. मेस्त्रे त्याच नगरपालिकेत असल्यामुळे तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांना ते माफ आहे, पण सवलतीची ऑनलाइन नोंद आधी करावी लागते. जवळच्या पादुआ शहरात राहून आलात तर ही माफी नाही.

तिकीट काढताना शेवटचं नाव सांता लुचियाच आहे ना, हे बघा. त्रिएस्ते किंवा उदिनेकडे जाणाऱ्या काही गाड्या मेस्त्रेलाच थांबून पुढे जातात, बेटावर येतच नाहीत. अशा गाडीत असाल तर मेस्त्रेला उतरून लोकल गाडी घ्या. त्या दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सुटतात. या लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.