रुंद रस्ता म्हणजे मोकळा रस्ता?

‘पेठांतल्या गल्ल्या अरुंद म्हणून कोंडी, उपनगरात रुंद रस्ते, तिथे प्रश्नच नाही,’ असं पुण्यात वर्षानुवर्षं फिरतंय. वाटणं साहजिक आहे. रुंदी डोळ्यांना दिसते, रस्त्यांची एकमेकांशी जोडणी दिसत नाही. पेठांतही कोंडी होतेच, पण सदाशिव पेठेत एक गल्ली अडली तर शेजारचीतून निघता येतं. वाकड-बाणेरकडे सोसायटीचा रस्ता अनेकदा कुंपणाशी संपतो. दूध आणायलाही सगळे त्याच मुख्य रस्त्यावर. मग तो कितीही रुंद करा!

तपासायला मोबाइलवर नकाशा उघडा. घर ते दुकान सरळ रेषेत मोजा, मग चालत. सरळ ३०० मीटर आणि चालत ९०० निघाले, तर तिप्पट वळसा. काटकोनी गल्ल्यांच्या दाट जाळ्यात तो साधारण दीडपटीच्या आतच राहतो.