मोठे टायर, क्राउन-पिनियन आणि 3.73 ते 4.56 चा इतिहास

अमेरिकन पिकअपला कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर चढवले की पहिल्याच चढावर गाडी ओढेनाशी होते आणि क्राउन-पिनियन (चाकांच्या दांड्यातली, त्यांना फिरवणारी मोठ्या-लहान गिअरची जोडी) बदलायचा विषय निघतो. 3.73 काढून 4.10 घ्यायचा की सरळ 4.56? हे आकडे म्हणजे रेशिओ, क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारे, आणि ते ज्या त्या काळाच्या गरजेतून आले आहेत. तो काळ समजून घेतला तर निवड बरीच सोपी होते.

1908 च्या फोर्ड मॉडेल टीच्या क्राउनला 40 दाते होते आणि पिनियनला 11. म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाचे 3.64 फेरे. त्याच गाडीवरून 1917 मध्ये एक टनी टीटी ट्रक निघाला, तेव्हा इंजिन तेच राहिले, पण मागे वर्म ड्राइव्ह (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारा गिअर) आला आणि रेशिओ 7.25 वर गेला. ओझे वाहता येऊ लागले, वेग मात्र गेला. ही देवघेव आजही सुटलेली नाही.

पुढचा मोठा टप्पा हायपॉइड गिअरचा. रोचेस्टरच्या ग्लीसन कंपनीने विकसित केलेली ही रचना 1926 मध्ये पॅकार्डने वापरली. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली सरकल्यामुळे गाडी बुटकी करता आली, पण ट्रकवाल्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच: त्याच रेशिओला पिनियन जाड ठेवता येऊ लागला. जाडीचे एवढे महत्त्व का, ते दात मोजले की दिसते. अनेक अ‍ॅक्सलमध्ये क्राउनचे दाते 41 च राहतात आणि पिनियनचा एकेक दात कमी होत जातो: 11 दात म्हणजे 3.73, 10 म्हणजे 4.10, 9 म्हणजे 4.56. प्रत्येक पायरीला पिनियनचे डोके लहान होते, आणि टायर मोठा असेल तर त्याच लहान डोक्यावर जास्त पीळ पडतो. म्हणून फक्त ओढ वाढवायची म्हणून रेशिओ वर नेत राहणे मला पटत नाही. आधी अ‍ॅक्सल तेवढा दणकट आहे का, ते पाहावे.

मग 1973 चे तेलसंकट आले. जानेवारी 1974 मध्ये निक्सन यांनी ताशी 55 मैलांच्या वेगमर्यादेवर सही केली, 1975 मध्ये इंधन-सरासरीचा कायदा झाला आणि कंपन्या लहान रेशिओंकडे वळल्या. पिकअपमध्येही 2.73 आणि 3.08 दिसू लागले. नेमक्या याच सुमारास मोठ्या टायरची हौस वाढत होती. 29 इंची टायरसाठी दिलेल्या 3.08 वर 33 इंची टायर चढवला की गाडी 2.7 असल्यासारखी वागते. त्या काळातल्या गाड्यांना नवे टायर जड का गेले, याचे उत्तर इथे आहे.

ओव्हरड्राइव्हने, म्हणजे 1 पेक्षा कमी रेशिओच्या वरच्या गिअरने, चित्र बदलले. 1982 मध्ये जनरल मोटर्सचा 700आर4 हा चार गिअरचा ऑटोमॅटिक आला. त्याचा चौथा गिअर 0.70, म्हणजे 4.10 चा अ‍ॅक्सलही हायवेवर 2.87 सारखा शांत चालतो. उलट 3.08 वर मोठे टायर ठेवले तर चौथ्या गिअरमध्ये इंजिनाला दमच उरत नाही. गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा हेलकावे खातो आणि तापतो. जुन्या चार गिअरच्या ट्रकला मोठा रेशिओ घ्या, हा सल्ला इथूनच रूढ झाला आणि त्या गाड्यांपुरता तो अगदी बरोबर आहे.

आजच्या गाड्यांना मात्र तो डोळे झाकून लावू नये. जनरल मोटर्सच्या जुन्या टीएच350 या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर 2.52 होता, 3.73 शी गुणला की 9.4. फोर्डच्या 2017 च्या एफ-150 मधल्या दहा गिअरच्या बॉक्सचा पहिला गिअर 4.70, म्हणजे त्याच अ‍ॅक्सलवर 17.5. निघतानाची ओढ गिअरबॉक्समधूनच मिळत असेल, तर अ‍ॅक्सल बदलायची घाई कशाला?

हिशेब साधा आहे: जुना रेशिओ गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. 31 वरून 35 इंचांवर जाताना 3.73 चा 4.21 होतो. तो 4.10 आणि 4.56 च्या मध्ये पडतो, आणि इथे सूत्र थांबते, कारण टायरचे वाढलेले वजन आणि उंच झालेल्या गाडीला लागणारा वारा त्यात धरलेला नाही. चार गिअर, चढ आणि मागे ट्रेलर असेल तर मी 4.56 च घेईन. आठ-दहा गिअर आणि बहुतेक हायवे असेल तर 4.10 पुरतो. काही अ‍ॅक्सलमध्ये आणखी एक अडचण येते: डाना 44 या मॉडेलमध्ये 3.73 पर्यंतचा कॅरिअर (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) वेगळा आणि 3.92 पासून पुढचा वेगळा, त्यामुळे 4.10 ला जाताना साधारणपणे कॅरिअरचाही खर्च धरावा लागतो. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तोच रेशिओ घालावा लागतो, नाहीतर कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आवळला जातो.