तुकडा काढण्याआधी प्रकाश : रामन वर्णपट आणि कर्करोगाचे निदान

रामन परिणाम, म्हणजे पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग तरंगलांबी बदलून विखुरणे, १९२८ मध्ये कोलकात्यात सापडला, पण शरीरावर त्याचा उपयोग व्हायला अर्धे शतक उलटून गेले. पेशींवर पडलेल्या सुमारे एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादाच तरंगलांबी बदलून विखुरतो. हा बदल तिथल्या रेणूंवर ठरतो आणि त्याची नोंद म्हणजे रामन वर्णपट. लेसर, प्रकाशतंतू आणि संवेदनशील कॅमेरे आल्यावर हा क्षीण संकेत टिपता येऊ लागला. ऊतींची स्वतःची चमक त्याला झाकून टाकत असे. ७८५ नॅनोमीटरच्या लेसरमुळे हा त्रासही बराच कमी झाला.

आपल्याकडे या कामाला निकड आली ती तंबाखू, गुटखा आणि सुपारीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगामुळे. गेल्या दशकात नवी मुंबईतील संशोधकांनी गालाच्या आतल्या अस्तरावर प्रोब, म्हणजे प्रकाश टाकून तो परत टिपणारी बारीक सळई, टेकवून थेट वर्णपट घेतले. तंबाखू खाणाऱ्यांचे डोळ्यांना निरोगी दिसणारे अस्तरही व्यसन नसलेल्यांपेक्षा वेगळे उमटले. कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा पांढरा चट्टा दिसण्याआधीच काही बदललेले असते, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते.

वर्णपटांतले फरक बारीक, म्हणून वर्गीकरण संगणकाकडे गेले. खरा वाद इथे आहे. समजा, ४० जणांचे प्रत्येकी १५, म्हणजे ६०० वर्णपट जमले. ते सरमिसळ करून काही शिकवणीला आणि उरलेले परीक्षेला ठेवले, तर एकाच माणसाचे वर्णपट दोन्हीकडे जातात. यंत्र मग रोगाऐवजी तो माणूसच ओळखू लागते आणि अचूकता फुगते. म्हणून परीक्षेतल्या रुग्णाचा एकही वर्णपट शिकवणीत नको, असा आग्रह धरला गेला. तसे केल्यावर आकडे अनेकदा खाली येतात. नमुने आधीच कमी, त्यात असे निकष लावले तर संशोधन अडेल, असे काहींचे म्हणणे होते. ते मला पटत नाही. दवाखान्यात येणारा प्रत्येक रुग्ण यंत्रासाठी नवाच असतो. न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतःच खुणा शिकणाऱ्या संगणक-प्रणाली, आल्यापासून तर हा धोका वाढला आहे, कारण ती असल्या खुणा फार चटकन उचलतात.

२०१५ मध्ये मॉन्ट्रियलला मेंदूच्या शस्त्रक्रियेतच असा प्रोब वापरून गाठीबाहेर पसरलेल्या कर्कपेशी ओळखल्या गेल्या. ‘ऑप्टिकल बायोप्सी’, म्हणजे तुकडा न काढता प्रकाशानेच केलेली तपासणी, हा शब्द तेव्हाही रूढ होता, पण तो फसवा आहे. यंत्राला शिकवताना कुठला वर्णपट कर्करोगाचा, हे अजूनही काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरूनच ठरते.