खांबाच्या बुडाशी पडलेली तिरकी भेग

धुळे–सोलापूर महामार्गावर उड्डाणपुलाच्या खांबाला ट्रक धडकला की जमलेल्या गर्दीत कुणीतरी म्हणतंच, "ट्रकचा चेंदामेंदा झाला, खांबाला काही झालं नाही." खांब उभा आहे एवढ्यावरून हे ठरत नाही.

मालासकट २८ टनांचा दहाचाकी ताशी ८० किलोमीटरने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ६९ लाख ज्यूल. तोंड तीन मीटर चेपून तो थांबला, तर खांबावर सरासरी सुमारे २३५ टन वजनाएवढं बल येतं. हजार टन पेलणाऱ्या खांबाला त्याचं काय? पण ते हजार टन वरून खाली दाबतात, आणि दाब सोसणं हा काँक्रीटचा गुणच. धडक आडवी येते, तीही जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर. कॅरमच्या सोंगट्यांच्या चळतीला स्ट्रायकर मारला की खालची सटकते, वरच्या जागीच राहतात, तसंच इथे. पहिल्या काही मिलिसेकंदांत वरचा भाग जडत्वामुळे हलत नाही, खांबाला वाकायला सवड मिळत नाही. धडकेची जागा आणि पाया यांच्यामधल्या आखूड भागात कर्तन बल, म्हणजे कात्रीसारखं कापू पाहणारं बल, एकवटतं. साधारण ४५ अंशांत काँक्रीट ताणलं जातं, आणि ताणात त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून भेग तिरकी पडते. तिला मुख्यतः धरून ठेवतात त्या उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या रिंगा.

शिवाय टोले दोन बसतात. आधी इंजिनाचा, मग मागून येणाऱ्या मालाचा. उसाच्या मोळ्या चेपतात. जालन्याहून निघालेला सळयांचा भार चेपत नाही.

आपल्याकडे पुलांवरचे भार ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:६ या संहितेत रस्त्याच्या दिशेने १०० टनांची धडक धरतात. अमेरिकेत भरलेला ट्रेलर खांबावर आदळवून बल मोजलं आणि तिथला आकडा १८१ टनांवरून २७२ वर नेला. आपल्याकडेही अशा चाचण्या व्हायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

'पुलाला बळी लागतो' ही अफवा मात्र आजही ऐकू येते, याची चीड येते. पुलाला लागतात त्या कमी अंतरावर बांधलेल्या रिंगा आणि खांबापुढे भक्कम अडथळा.

धडकेनंतर भेग सिमेंटने बुजवून वर रंग दिला, तरी आत ताणून सैल पडलेल्या रिंगा पूर्ववत होत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर खांबाच्या बुडाशी अशी तिरकी भेग दिसली, तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनवर कळवा आणि जवळचा किलोमीटर दगड सांगा.