पदवी हाती, घर मात्र उशिरा

अमेरिकेत श्वेतवर्णीय कुटुंबांपैकी सुमारे तीन चतुर्थांश स्वतःच्या घरात राहतात. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण निम्म्यालाही पोचत नाही. शिक्षण वाढलं की ही दरी मिटेल, असं सर्रास म्हटलं जातं. पण कॉलेजची पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीयांपेक्षा शाळा अर्धवट सोडलेल्या गोऱ्यांमध्ये घरमालक जास्त, असंही पाहणीत आढळलं आहे.

याची मुळं १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ‘एफएचए’ (फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) या सरकारी संस्थेपर्यंत जातात. ती स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाला हमी देई. त्या हमीमुळे डाऊन पेमेंट कमी झालं, परतफेडीची मुदत लांबली आणि साध्या पगारदारालाही घर परवडू लागलं. कृष्णवर्णीय वस्तीत मात्र हमी सहसा नाहीच. लाल रंगाने ‘धोकादायक’ ठरवलेल्या वस्त्यांचे नकाशे जास्त गाजले, ते दुसऱ्या संस्थेचे. माझ्या मते खरी गोम या हमीतच होती. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, तेव्हा कुठे हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे.

महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये ‘जीआय बिल’ हा कायदा आला. शिक्षण आणि घर, दोन्हींची सोय, कागदावर सगळ्यांसाठी. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत या कायद्याखाली ३,२०० हून अधिक घरकर्जं दिली गेली. त्यातली कृष्णवर्णीयांना मिळाली अवघी दोन. बँकेचं कर्ज मिळेना, म्हणून शिकागोत अनेक कृष्णवर्णीयांनी मग थेट विक्रेत्याशी करार करून हप्त्यांवर घरं घेतली. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याचीच, आणि एखादा हप्ता चुकला तरी घर आणि भरलेले पैसे दोन्ही जाण्याची टांगती तलवार.

१९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरला, पण तोवर एक पिढी हातची गेली होती. तिशीत घेतलेलं घर साठीत कर्जमुक्त होतं आणि त्याच्या जोरावर मुलांच्या डाऊन पेमेंटला हातभार लागतो. ज्यांच्या आईवडिलांकडे घरच नव्हतं, ती मुलं शैक्षणिक कर्ज काढून शिकली, कमावत्या वयाची पहिली वर्षं ते फेडण्यात गेली आणि घर चाळिशीवर ढकललं गेलं. २००८ च्या सुमाराच्या मंदीत त्यांतल्या अनेकांची घरं जप्त झाली, कारण महागडी सबप्राइम कर्जं (कमी पत मानलेल्यांना चढ्या व्याजाने दिलेली) त्यांच्याच गळ्यात जास्त मारली गेली होती. पन्नाशीत घर गेलेल्याला पुन्हा तीस वर्षांचं कर्ज काढायचं, तर फेड ऐंशीपर्यंत.