डेस्कटॉप सॉफ्टवेअर: भाषेची निवड आणि मोफत साधनांच्या अटी

डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी कोणती भाषा घ्यावी, यावर वाद होतो तो वेग, सोपेपणा आणि लायब्ऱ्यांवरून. प्रत्यक्षात गेल्या वीस वर्षांत अनेकांची निवड ठरली ती वेगळ्याच गोष्टीवरून: त्या भाषेचा कंपाइलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) आणि आयडीई (कोड लिहिण्या-तपासण्याची एकत्र साधने) कोणत्या अटींवर मोफत मिळतो, आणि त्या अटी कोण बदलू शकतो.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. पास्कल भाषेचे टर्बो पास्कल १९८३ मध्ये पन्नास डॉलरच्या आत मिळू लागले. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आले, १९९५ मध्ये डेल्फी. फॉर्मवर बटण ओढून टाकायचे आणि त्यामागे कोड लिहायचा, ही पद्धत त्यांनी रुळवली. पण ही सगळी विकतची साधने होती. जीसीसी हा कंपाइलर १९८७ पासून मुक्त होता, म्हणजे त्याचा कोड कोणालाही वापरता-बदलता येई, मात्र विंडोजसाठी त्याचा सहज वापर मिनजीडब्ल्यू या त्याच्या विंडोज रूपामुळे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला, आणि तेव्हाही त्याच्यासोबत बटणे ओढून टाकायचा फॉर्म डिझायनर नव्हता.

चित्र बदलले ते २००५ मध्ये. विंडोज बनवणाऱ्या कंपनीने व्हिज्युअल स्टुडिओ या आपल्या आयडीईची ‘एक्स्प्रेस’ आवृत्ती काढली. आधी ती वर्षभरापुरती मोफत होती. एप्रिल २००६ मध्ये ती कायमची मोफत असल्याचे जाहीर झाले. सी शार्प, व्हिज्युअल बेसिक आणि सी प्लस प्लस, प्रत्येकाची एक्स्प्रेस वेगळी. सी प्लस प्लसवाल्यांना एमएफसी (विंडोज प्रोग्रॅमांसाठीची तयार लायब्ररी) मिळत नव्हते, मेनू-डायलॉग रचायचा रिसोर्स एडिटर नव्हता, आणि सुरुवातीला प्लॅटफॉर्म एसडीके (विंडोजसाठी प्रोग्रॅम बनवायला लागणाऱ्या फायलींचा संच) वेगळा उतरवून जोडावा लागे. सी शार्पची एक्स्प्रेस मात्र पहिल्या दिवसापासून कामाची होती, फॉर्म डिझायनरसकट. त्या वर्षांत नवशिक्यांना सी शार्प सुचवले जाई, त्यात या फरकाचा वाटा भाषेच्या गुणांइतकाच होता.

मे २०१२ मध्ये काय झाले, ते नीट पाहण्यासारखे आहे. विंडोज ८ तोंडावर आले होते. नव्या आवृत्तीची एक्स्प्रेस फक्त ‘मेट्रो’ पद्धतीची ॲप्स बनवील, असे तेव्हा स्पष्ट झाले. म्हणजे कंपनीच्या स्टोअरमधून जाणारी, विक्रीतला हिस्सा कंपनीला देणारी ॲप्स. साधा डेस्कटॉप प्रोग्रॅम किंवा नुसत्या मजकुरावर चालणारा कन्सोल प्रोग्रॅम बनवायचा असेल, तर पैसे मोजून प्रोफेशनल घ्या, नाहीतर एक्स्प्रेस २०१० वर थांबा. त्याच सुमारास विंडोज ८ च्या एसडीकेमधून कमांड लाइनचा कंपाइलरही काढला गेला. आधीच्या एसडीकेमध्ये तो होता. त्यामुळे आयडीई नको, नुसता कंपाइलर द्या, असे म्हणणाऱ्यांचाही रस्ता बंद झाला. सी शार्पवाल्यांना थोडी सवलत उरली, कारण त्यांचा कंपाइलर डॉटनेट फ्रेमवर्कसोबतच, म्हणजे सी शार्प प्रोग्रॅम चालवणाऱ्या पायाभूत प्रणालीसोबतच, येत असे. सगळ्यात जास्त फटका बसणार होता तो सी प्लस प्लसला, आणि तोही सी प्लस प्लस ११ चे नवे मानक कंपाइलरांमध्ये उतरत असताना.

स्टोअरसाठी ॲप्स हवीत म्हणून मोफत साधने तिकडे वळवली, हा कंपनीच्या बाजूचा हिशोब समजू शकतो. पण विंडोज टिकले होते ते लोकांनी लिहिलेल्या लाखो छोट्या-मोठ्या डेस्कटॉप प्रोग्रॅमांवर, आणि त्यांतले कितीतरी लोक याच मोफत दारातून आत आले होते. ते दार बंद करणे चुकीचेच होते. विरोधही तसाच झाला: मुक्त प्रकल्प चालवणारे, विद्यार्थी, शिक्षक, हौशी, सगळे बोलले. जूनमध्ये निर्णय फिरवला गेला आणि सप्टेंबरमध्ये ‘एक्स्प्रेस २०१२ फॉर विंडोज डेस्कटॉप’ बाहेर आले. त्यात तिन्ही भाषा एकत्र होत्या, म्हणजे आधीपेक्षा चांगलेच मिळाले. तरी काही आठवड्यांत एक गोष्ट कळून चुकली. मोफत मिळालेले साधन पुढच्या आवृत्तीत काढून घेता येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

मुक्त परवान्यांच्या दुसऱ्या वाटेवर नेमके उलटे घडत होते. क्यूटी या सी प्लस प्लस टूलकिटच्या (खिडक्या-बटणांसाठीच्या तयार कोडच्या) परवान्यावरून नव्वदच्या दशकात इतका वाद झाला की १९९७ मध्ये नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप वेगळ्या टूलकिटवर उभारायला घेतला गेला. क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली (वाटलेल्या प्रोग्रॅमचा आपला कोडही उघडायला लावणाऱ्या मुक्त परवान्याखाली) आले, पण लिनक्स-युनिक्सपुरते. विंडोजवर जीपीएल क्यूटी मिळायला २००५ उजाडले, आणि एलजीपीएल हा त्याहून सैल परवाना तर २००९ मध्ये. आपला कोड न उघडता मोफत क्यूटी वापरता येऊ लागले ते तेव्हा. लझारस या मुक्त आयडीईने डेल्फीसारखा फॉर्म डिझायनर मुक्त स्वरूपात द्यायला १९९९ मध्ये सुरुवात केली. त्याच्या १.० आवृत्तीला २०१२ लागले. ही वाट संथ आहे, हे मान्य. पण एकदा अशा परवान्याने दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही, आणि दहा-पंधरा वर्षे चालणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यासाठी हे वजन मोठे आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये एक्स्प्रेसच्या जागी ‘कम्युनिटी’ आवृत्ती आणली गेली. तीत एमएफसी आले, प्लगइनवरची बंदी गेली. एकट्या माणसाला ती मोफत, व्यावसायिक कामासाठीसुद्धा. संस्थांसाठी मात्र पाच वापरकर्त्यांची मर्यादा, आणि २५० हून अधिक संगणक किंवा वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असेल तर, शिक्षण किंवा मुक्त स्रोत प्रकल्पासारखे अपवाद सोडता, वापरायचीच नाही. त्याच सुमारास डॉटनेटचा गाभा मुक्त स्रोत करण्याची घोषणा झाली. विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ या डॉटनेटच्या खिडक्या रचायच्या लायब्ऱ्यांचा कोड २०१८ च्या डिसेंबरमध्ये खुला झाला.

नंतरच्या घडामोडींत जावाचे उदाहरण बोलके आहे. २०१९ च्या जानेवारीनंतर जावा ८ ची अधिकृत अद्यतने व्यावसायिक वापरासाठी मोफत राहिली नाहीत. तरीही जावा सोडावी लागली नाही, कारण ओपनजेडीके, म्हणजे जावाची मुक्त आवृत्ती, जीपीएलखाली आधीच बाहेर होते आणि त्याच्यावरून इतरांनी मोफत बिल्ड (वापरायला तयार प्रती) दिली. विंडोजवाल्या कंपनीच्याच व्हीएस कोड या कोड-संपादकात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी भेटतात. संपादकाचा कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे, तयार बिल्डचा परवाना वेगळा, आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘सी शार्प डेव्ह किट’ या त्याच्या सी शार्पसाठीच्या प्लगइनला पुन्हा कम्युनिटीसारख्याच अटी आहेत.