टास्क बॉक्स: दोनशे वर्षांमागची गोष्ट

टेबलाच्या डावीकडे तीन ट्रे, उजवीकडे एक रिकामा खोका. पहिल्या ट्रेमधले कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे पुठ्ठ्याला लावायचे, दुसऱ्यातले नट-बोल्ट जुळवायचे, तिसऱ्यातल्या अगरबत्त्या पाकिटात भरायच्या. झालेलं काम खोक्यात. बेन, म्हणजे गुजरातेतल्या वर्गातल्या शिक्षिका, मागे उभ्या असतात, पण बोलत नाहीत. विशेष मुलांच्या वर्गात याला ‘स्वतंत्र काम’ म्हणतात, आणि अशा ट्रेंना टास्क बॉक्स.

याची मुळं शोधत गेलं तर आपण फ्रान्समध्ये पोचतो. 1800 साली अवेरॉनच्या रानातून आलेल्या मुलाला डॉक्टर इतार यांनी शिकवायला घेतलं. पुढे त्यांचे शिष्य सेगँ यांनी हाताळता येतील अशी साधनं केली. लाकडी पाटीच्या खाचांत दहा आकार बसवायचा त्यांच्या नावाचा फॉर्म बोर्ड आपल्याकडचे मानसशास्त्रज्ञ तपासणीसाठी आजही काढतात. सेगँचीच साधनं माँटेसरीबाईंनी रोममध्ये मतिमंद मुलांसाठी वापरली आणि 1907 मध्ये सर्वसाधारण मुलांच्या बालगृहात नेली. ती पद्धत गुजरातेत रुजवली भावनगरच्या गिजुभाईंनी, 1920 च्या बालमंदिरात. तिथे त्यांच्या जोडीला आपल्या ताराबाई मोडक होत्या. गंमत बघा, ज्या मुलांसाठी ही साधनं झाली त्यांच्या वाट्याला पुढे बरीच वर्षं घोकंपट्टीच आली आणि बालवाड्या मात्र त्यांवर सजल्या.

आजच्या ट्रेंची मांडणी अमेरिकेतली. नॉर्थ कॅरोलिनात एरिक शॉप्लर आणि रॉबर्ट रायक्लर यांनी 1966 मध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत काम सुरू केलं. तो काळ आईच्या थंडपणामुळे मूल असं झालं, असं तिलाच ऐकवण्याचा. शॉप्लरनी ते साफ नाकारलं आणि आईवडिलांनाच उपचारात सामील करून घेतलं. 1972 मध्ये त्या राज्याने कायदा करून त्यांचा ‘टीच’ कार्यक्रम राज्यभर नेला. कोणतं काम, किती, संपलं हे कसं कळणार आणि पुढे काय, ही चारही उत्तरं मुलाला डोळ्यांनी दिसली पाहिजेत, हा त्यातला गाभा.

भारतात स्वमग्नतेला कायद्यात जागा मिळाली ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ती आली. वडोदऱ्यातल्या मराठी घरांना या पद्धतीचा आणखी एक फायदा दिसतो. घरी आई मराठीत बोलते, वर्गात बेन गुजरातीत; ज्या मुलाला एकच भाषा जेमतेम पेलते त्याला लाल ठिपक्याचा ट्रे दोन्हीकडे सारखाच कळतो.

अडतं ते दुसरीकडेच. ट्रेमध्ये मुलाला आधीच येणारं काम असावं लागतं. नवीन काही शिकवायचं तर ते बेनच्या शेजारी बसून. हे विसरून अर्धवट आलेली कामं ट्रेमध्ये टाकली, की बेनचा हात परत मुलाच्या हातावर येतो. उलट पंधरा वर्षांच्या मुलापुढे वर्षभर तेच चिमटे ठेवणं म्हणजे नुसतं गुंतवून ठेवणं. त्याच्या ट्रेमध्ये दिवाळीआधी विक्रीच्या पणत्यांचं पॅकिंग असायला काय हरकत आहे?